वस्तादांनी कागद दिला नाही, मग अर्जात काय लिहू?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखक 36 वर्षांचे आहेत. मूळ गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, नोकरी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात, पाळीची. गावच्या तालमीत वयाच्या नवव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत ते एकाच वस्तादांकडे लाठी, फरी-गदका (छोटी ढाल आणि काठी) आणि दांडपट्टा शिकले. वस्ताद 6 वर्षांपूर्वी वारले. गेली 4 वर्षं पत्रलेखक सकाळी देवळाच्या पटांगणात तीस-चाळीस मुलांना शिकवतात. आता जवळच्या एका शाळेनं त्यांना नियमित वर्गासाठी बोलावलंय, पण अर्जात ‘प्रशिक्षणाची पार्श्वभूमी, प्रमाणपत्रांच्या प्रतींसह’ असा रकाना आहे. वस्तादांनी कधीच कुणाला कागद दिला नव्हता. एक मित्र म्हणतो, अठरा हजार भर, एका संस्थेचं ‘मास्टर ट्रेनर’ प्रमाणपत्र आठवड्यात मिळेल, आणि माहितीपत्रकात ‘सात पिढ्यांची अखंड परंपरा’ असं छापू. पत्नी म्हणते, सगळेच असं करतात. पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी दोन गोष्टी संकोचानं सांगितल्यात. मधली दोन वर्षं ते कराटे शिकले होते आणि ते कुणाला सांगत नाहीत. शिवाय काही हात त्यांनी व्हिडिओ बघून उचललेत. ते विचारतात: कागद घेऊ का? घेतला तर वस्तादांचा अपमान होईल का?

*

कागदाबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि त्या अकरा वर्षांबद्दल एक ओळ. मला आधी त्या एका ओळीबद्दल बोलायचंय, कारण शाळेच्या रकान्यात जे लिहायचं ते तिथंच आहे.

पट्टा तुम्ही हातात धरलाय, म्हणून तुम्हाला हे सांगायची गरज नाही. पण हे सदर वाचणाऱ्या बऱ्याच जणांनी तो फक्त शिवजयंतीच्या मिरवणुकीत लांबून पाहिलेला असतो. त्याची मूठ खोबळ्याच्या, म्हणजे हात झाकणाऱ्या लोखंडी आवरणाच्या, आत आडवी असते. हात जवळपास कोपरापर्यंत लोखंडात जातो आणि मनगट बांधल्यासारखं होतं. तलवार मनगटावर खेळते, तसा पट्टा खेळत नाही. सगळी फेक खांद्यातून, कमरेतून आणि पायातून यावी लागते. पातं चार फुटांच्या आसपास, दोन्ही बाजूंनी धारेचं आणि लवतं. पाय चुकला तर ते फिरून आपल्याच पोटरीवर येतं. म्हणून जुने वस्ताद आधी पवित्रा घोटून घ्यायचे आणि हत्यार महिनोन् महिने खुंटीवरच ठेवायचे.

मी लहानपणी सहा वर्षं लाठी शिकले, आमच्या गावच्या तालमीच्या मागच्या पडवीत. पट्टा मी पाहिला भरपूर, शिकले नाही. आमच्या वस्तादांनी फरशीवर चुन्यानं एक चौकोन आखला होता. पहिला सबंध पावसाळा आम्ही सात मुली त्या चौकोनावर नुसत्या चाललो. हातात काठी नाही. टाच वेळेआधी उचलली की वेताची छडी हलकेच घोट्याला टेकायची आणि वस्ताद एवढंच म्हणायचे, “इथं.” आज ओल्या जिन्यावरून उतरताना माझी टाच अजून आधी जागा चाचपते, मग वजन घेते. त्या शिकण्याचा कसलाही कागद माझ्याकडे नाही, तसा तुमच्याकडेही नाही. तरी तुमच्या अकरा वर्षांत असा एक चौकोन नक्की असणार, आणि तो तुम्हाला शब्दांत मांडता आला पाहिजे.

आता शाळेकडे वळू. प्रमाणपत्र मागितलं म्हणजे वस्तादांचा पाणउतारा झाला, असा सूर तुमच्या पत्रात आहे. मला तसं वाटत नाही. शाळा आपली मुलं तुमच्या ताब्यात देणार आहे आणि त्या मुलांच्या हातात काठ्या देणार आहे. तिनं विचारायलाच हवं. ती खरं तर तीन गोष्टी विचारतेय: तुम्हाला ही विद्या किती येते, ती लहान मुलांना शिकवता येते का, आणि मुलं तुमच्यापाशी सुरक्षित राहतील का. या तिन्हींसाठी तिच्याकडे एकच रकाना आहे, हा त्या अर्जाचा तोकडेपणा. तुम्ही तो भरून काढू शकता. अठरा हजारांचा कागद मात्र या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर देत नाही. त्या संस्थेनं तुमचा एक पवित्रा तरी पाहिलाय का?

कागद मुळातच वाईट, असंही मी म्हणणार नाही. कागद हा आपल्या तालमींपुरता उपरा आहे आणि जपानी कलांमध्ये तो अनादी काळापासून चालत आलाय, असा एक समज दिसतो. पण ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी पहिले ‘दान’ दर्जे दिले 1883 साली. कराटेत गिचिन फुनाकोशी यांनी ते दिले 1924 साली. म्हणजे ज्या काळ्या पट्ट्याकडे (ब्लॅक बेल्टकडे) आपण एवढ्या आदरानं बघतो, तो कराटेत आला त्याला अजून फार तर शंभरेक वर्षं झालीत. आपल्याकडे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये सुरू झालं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, आणि शारीरिक शिक्षणाचे कितीतरी शिक्षक त्यांनी रीतसर अभ्यासक्रमातून घडवले. असा कागद कमवावा लागतो. त्यामागे हजेरी असते, परीक्षा असते, नापास होण्याची शक्यता असते. कागद ओळखायची माझी कसोटी साधी आहे: तो मिळवताना कुणी नापास होऊ शकतं का? होत नसेल, तर ती पैशांची पावती आहे.

अशा पावतीनं काय होतं ते मी घरात पाहिलंय. माझ्या भाच्याला सुट्टीत दहा दिवसांच्या एका शिबिराला घातलं होतं. प्रशिक्षकाच्या मागच्या भिंतीवर प्रमाणपत्रांच्या चौकटी ओळीनं लावलेल्या. समारोपाला पालकांना काहीतरी भारी दाखवायचं म्हणून चौथ्याच दिवशी दहा-अकरा वर्षांच्या पोरांच्या हातात पत्र्याच्या तलवारी दिल्या. भाच्याच्या भुवईवर चार टाके पडले. प्रथमोपचाराची पेटी नव्हती, कुणाच्या तरी रुमालानं जखम दाबून धरली. नंतर मी त्या प्रशिक्षकाला विचारलं, हे तुम्ही किती दिवस शिकलात? पाच दिवसांचं निवासी शिबिर, तो म्हणाला. वय असेल पंचविशीचं. राग आला होता, पण त्याच्याकडे बघून वाईटही वाटलं. पाच दिवसांनी कुणीतरी त्याला मास्टर म्हटलं होतं आणि त्यानं ते मनापासून खरं मानलं होतं. तुमच्याकडे अकरा वर्षं आहेत. त्यांना त्या पाच दिवसांच्या रांगेत नेऊन बसवू नका.

आणि ‘सात पिढ्यांची अखंड परंपरा’. तुमच्या वस्तादांनी कधी असं म्हटलं होतं का? तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. ते आपल्या मामाकडे शिकले, एवढंच तुम्ही लिहिलंय. मग तेवढंच लिहा. सात पिढ्या म्हणजे इंग्रजी अमलाच्याही मागे जाणं आलं. 1878 च्या शस्त्र कायद्यानंतर हत्यार बाळगायलाच परवाना लागायला लागला. तालमींनी ही विद्या ‘खेळ’ म्हणून जपली आणि तो शब्द आजही ‘मर्दानी खेळ’ या नावात आहे. त्या दीडशे वर्षांत किती हात विसरले गेले, किती नव्यानं बसवले गेले, हे छातीठोक कुणी सांगू शकत नाही. म्हणून विद्या खोटी ठरत नाही. फक्त ‘अखंड’ हा शब्द आपला नव्हे.

परंपरा सरळ रेषेत, एकाच घरात वाहते, हे गृहीतही जरा तपासून बघा. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. गुरू मांग समाजाचे, शिष्य माळी समाजाचा, आणि काळ एकोणिसाव्या शतकाचा. बडोद्याचे राजरत्न माणिकराव हे शस्त्रविद्येतलं केवढं मोठं नाव. त्यांचे गुरू जुम्मादादा, एक मुसलमान वस्ताद, आणि माणिकरावांचा आखाडा त्या गुरूंच्याच नावानं ओळखला जायचा. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ आपण सगळे म्हणतो. 1659 साली प्रतापगडाच्या पायथ्याशी पट्टा चालवणाऱ्या जिवा महालांची ओळख आपण त्यांच्या त्या हातावरून सांगतो. ही विद्या ज्याला यायची त्याच्याकडे लोक जायचे. घराणं मागाहून विचारायचे, किंवा विचारायचेही नाहीत.

म्हणून कराटे लपवू नका. ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. दोन वर्षांच्या कराटेनं तुम्हाला काय दिलं ते आठवा. चाळीस मुलं ओळीत कशी उभी करायची, शरीर आधी कसं गरम करायचं, समोरच्याच्या अंगापासून वीतभर अलीकडे हात कसा थांबवायचा, नवख्याला टप्प्याटप्प्यानं कसं चढवायचं. तालमीत वस्ताद एका वेळी चार-पाच पोरांकडे बघायचे. मोठा वर्ग चालवायचं कसब बहुधा तुम्हाला दुसरीकडेच मिळालं. ते सांगण्यात कमीपणा कसला? कमीपणा येतो तो कराटेतला एखादा हात ‘शिवकालीन’ म्हणून शिकवला तर.

व्हिडिओतल्या हातांचं जरा वेगळं आहे. काठीचा जो फिरवण्याचा प्रकार तुम्ही उचललात असं लिहिलंय, तो वर्णनावरून तमिळनाडूच्या सिलंबमचा दिसतो. सराव म्हणून स्वतः करा, मजा घ्या. मुलांना दाखवलात तर ‘हे सिलंबममधलं आहे, मी ते समोर बसून शिकलेलो नाही’ एवढं सांगून दाखवा. पण जंबिया (वाकडा खंजीर) आणि बोथाटी (बोथट टोकाचा भाला) तुम्ही नुसती पाहिली आहे, असं तुम्हीच लिहिलंय. ती शिकवू नका. व्हिडिओत हात दिसतो. घोट्याला टेकणारी छडी त्यात नसते.

आता तो रकाना. माझ्या मते तुम्ही प्रमाणपत्राच्या जागी एक पान स्वतः लिहून जोडावं. साधारण असं:

“मी वयाच्या नवव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत, 11 वर्षं, आमच्या गावच्या तालमीत एकाच वस्तादांकडे शिकलो (इथं वस्तादांचं नाव, तालमीचं नाव, गाव). ते त्यांच्या मामांकडे शिकले होते. मी लाठी, फरी-गदका आणि दांडपट्टा शिकलो. यांपैकी लाठी आणि फरी-गदका मी मुलांना शिकवतो. पट्टा फक्त मोठ्या वयाच्या, दोन वर्षं पाया झालेल्या विद्यार्थ्यांना, बोथट पात्यावर. जंबिया आणि बोथाटी मी शिकलेलो नाही, शिकवत नाही. मध्ये दोन वर्षं कराटे शिकलो. गेली 4 वर्षं वर्ग घेतो आहे. आमच्या तालमीत प्रमाणपत्र द्यायची पद्धत नव्हती. माझं शिक्षण पाहिलेल्या माणसांची पत्रं सोबत जोडली आहेत.”

हे पान वाचून शाळेतलं कुणी बिचकेल असं मला वाटत नाही. ‘मी हे शिकवत नाही’ असं लिहिणाऱ्या माणसावर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

आता ही पत्रं कुणाची? वस्ताद नाहीत, पण तुमच्याबरोबर माती उपसलेले गुरुबंधू असतील. त्यांच्यातल्या थोरल्यांना गाठा. तालमीच्या पंचांपैकी कुणी, गावच्या शाळेचे निवृत्त शिक्षक, ज्यांनी तुम्हाला जत्रेत किंवा शिवजयंतीला खेळताना पाहिलंय असे दोघे-तिघे. त्यांच्या सहीचं, तारखेचं, साध्या कागदावरचं पत्र. जुने फोटो, कार्यक्रमाची पत्रिका सापडली तर उत्तम. आणि एक काम जरा अवघड सांगते: दुसऱ्या तालमीतल्या, तुमच्याशी काही लागेबांधे नसलेल्या एखाद्या जाणत्या वस्तादांपुढे जाऊन खेळा आणि त्यांना सांगा, चुका काढा. तमाचा, बाहेरा, शीर हे वार एकदा त्यांच्या नजरेखालून जाऊ द्या. ते दोन चांगले शब्द लिहून देतील किंवा सहा महिने ये म्हणतील. दोन्हींत फायदा तुमचाच. ते अठरा हजार जायच्या-यायच्या एसटीला, त्यांच्या पायाशी ठेवायच्या नारळाला आणि मुलांसाठी चांगल्या भरीव वेळूच्या काठ्यांना पुरून उरतील.

शाळेच्या उरलेल्या दोन प्रश्नांसाठी मात्र कागद घ्या, आणि खरे घ्या. प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण करा. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढा. तो मागायच्या आधीच तुम्ही पुढे केलात तर पालकांच्या मनावरचं ओझं उतरतं. वर्गाच्या वेळी शाळेचा एक माणूस, शक्यतो शिक्षिका, हजर असावी असं तुम्हीच लिहून द्या. मुलींचा पवित्रा सुधारताना अंगाला हात लावायचा नाही, काठीच्या टोकानं किंवा स्वतः करून दाखवायचं, हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा. आमच्या वस्तादांची ती छडी याचसाठी होती, हे मला फार उशिरा कळलं.

कायद्याचंही बघून ठेवा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात, आणि 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघाला की त्या काळात लाठ्या घेऊन रस्त्यानं जाण्यावरही बंदी येऊ शकते. प्रात्यक्षिकाआधी पोलीस ठाण्यात अर्ज द्यायची सवय लावा. शाळेत धारेचं काहीही नेऊ नका.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मी सोडून देणार नाही. ‘सगळेच करतात’ यामागे घरखर्चाची काळजी आहे, आणि ती खरी आहे. 2024 मध्ये सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केल्यापासून शाळांकडून विचारणा वाढलीय, असं तुम्हीच लिहिलंय. ही संधी हातची जाईल ही भीती समजते. पण त्यांना एक विचारा: पुढच्या वर्षी एखादा पालक त्या संस्थेला फोन करून विचारेल की यांनी तुमच्याकडे कधी, किती दिवस प्रशिक्षण घेतलं, तर काय उत्तर मिळेल? अपघात झाला आणि कागद तपासले गेले, तर? त्या दिवशी तुमची खरी अकरा वर्षंही कुणी खरी मानणार नाही.

शाळा तुमचं पान वाचूनही नाही म्हणू शकते. नियम त्यांचे, त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं. तसं झालं तर मुख्याध्यापकांना एवढीच विनंती करा की एकदा सकाळी देवळाच्या पटांगणात येऊन तासभर बसा. मुद्दाम कार्यक्रम बसवू नका, लिंबं कापून दाखवू नका. रोजचा वर्ग घ्या. सगळ्यात नवखं पोर पवित्र्यात कुठं चुकतं आणि तुम्ही ते कसं दुरुस्त करता, हे त्यांना दिसू द्या. तरीही जमलं नाही, तर शारीरिक शिक्षणाचा एखादा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो का ते बघा. वेळ जाईल, पण त्या कागदावर तुमचा घाम असेल.

ज्या पालकांच्या घरी उलटा प्रश्न आहे, म्हणजे मुलाला कुणाकडे पाठवू, त्यांनाही मी हेच सांगेन. प्रशिक्षकाला विचारा, तुम्ही कुणाकडे शिकलात, किती वर्षं, आणि काय शिकला नाहीत. शेवटच्या प्रश्नावर तो चिडला तर दुसरीकडे चौकशी करा. वर्ग सुरू असताना एकदा न सांगता जा आणि हत्यारांऐवजी पायांकडे बघा.

अर्जाची मुदत पंधरवड्यावर आली आहे असं तुम्ही लिहिलंय. या रविवारी सुट्टी असेल तर गावी जा. थोरल्या गुरुबंधूंना आधी फोन करून ठेवा आणि वस्तादांच्या मामांचं पूर्ण नाव त्यांच्याकडून लिहून घ्या; तुमच्या पत्रात ते नाही, आणि तुमच्या त्या पानावर ते असायला हवं.